सात वर्षांनी चिखलात: गाडी रुतली आणि गावाची वाट मोडली

जिप्सीवाला_ऐरोली
२७ जुलै, रविवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. २०१८च्या पावसाळ्यानंतर आज पहिल्यांदा गाडी डांबर सोडून खाली उतरवली. मधली वर्षं कशी गेली ते थोडक्यात सांगतो. आधी वडिलांना अर्धांगवायू झाला, मग लॉकडाऊन आला, आणि त्यातून बाहेर पडतोय तोवर माझ्याच कमरेची चकती सरकली. डॉक्टरांनी खड्ड्यांत गाडी घालायची नाही असं बजावलं होतं. यंदा एप्रिलमध्ये त्यांनीच मोकळं केलं. त्या दिवशी दवाखान्यातून घरी न जाता थेट सोसायटीच्या मागच्या पार्किंगमध्ये गेलो आणि जिप्सीवरचं कव्हर काढलं.

गाडी २००७ची पेट्रोल. २०२२ला पंधरा वर्षं भरली तेव्हा फेरनोंदणी करून घेतली होती, त्यामुळे कागद चालू आहेत. मे-जूनमध्ये कामं केली: चारही चाकांचे ब्रेक उघडले, होज बदलले, टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, बॅटरी नवी टाकली. पुढची चाकं ताकदीला जोडणारे-सोडणारे फ्री-व्हील हब अडकले होते, ते उघडून ग्रीस भरलं. टायर तेच ठेवले, कारण नक्षी जवळजवळ पूर्ण आहे.

पहाटे साडेपाचला निघालो. शिळफाटा, कल्याण, मुरबाड, पुढे माळशेजच्या रस्त्याला टोकावडे सोडलं आणि मित्राच्या सासुरवाडीच्या पाड्याकडे वळलो. मित्र थार घेऊन सोबत होता. पाड्यापासून डोंगराखालच्या त्यांच्या आमराईपर्यंत दीड-एक किलोमीटर बैलगाडीची वाट आहे. जमीन त्यांची, परवानगी त्यांची. सुरुवातीचा सगळा भाग लाल मुरमाचा, वरून पाणी वाहतंय पण चाक घट्ट. मी फोर लोमध्ये (चारही चाकांना ताकद, वेग कमी आणि ओढ जास्त), दुसऱ्या गिअरवर. पाऊस बारीक होता, काच अर्धी खाली होती, आणि ओल्या मातीचा वास गाडीत आला तेव्हा माझे डोळे खरंच भरून आले.

मग भातखाचरांच्या मधून जाणारा पन्नास-साठ फुटांचा पट्टा लागला. तिथे मुरूम संपतो आणि राखाडी चिकण माती सुरू होते. पूर्वी मी अशा जागी उतरून, चालून बघायचो. आज उतरलो नाही. अर्ध्यावर गाडी जड झाली, मी पाय दाबला. स्पीडोमीटरची सुई तीसवर गेली आणि उजव्या खिडकीत दिसणारा पळस मात्र जागच्या जागी उभा. ते मी पाहिलं. पाहूनही पाय उचलला नाही. अर्धा मिनिट तरी तसाच दाबून ठेवला असेन. क्लच जळल्याचा वास आला तेव्हा थांबलो. तोवर गाडी पोटावर बसली होती.

थार मागून जवळ येईना, ती आली असती तर तीही रुतली असती. दोर जोडूनही अंतर पुरेना. मी पुन्हा चावी फिरवली तेवढ्यात बांधावरून एक काका आले. म्हणाले, "दादा, आधी ती बंद करा. जेवढी फिरवाल तेवढी खाली जाईल." मग त्यांनीच ट्रॅक्टर आणून साखळीने मागे ओढून काढलं. पैसे घेतले नाहीत.

खरं लिहायचं आहे ते पुढचं. गाडी निघाल्यावर मागे दोन चर राहिले, गुडघ्याएवढे खोल, पाण्याने भरलेले. भाताची आवणी (लावणी) चालू आहे. डोक्यावर रोपांच्या मुठींचा भारा घेतलेल्या दोन बाया तिथे आल्या, चर बघितले, काही न बोलता वळून बांधावरून लांबून गेल्या. एकीचा पाय निसटला, तिने भारा सावरला. मी तिथेच उभा होतो. ती वाट त्या रोज तुडवतात, मी सात वर्षांतून एकदा आलो आणि ती मोडली.

मला दोन गोष्टींचं मार्गदर्शन हवं आहे. इतक्या खंडानंतर हात परत बसवायला सुरुवात कुठून करायची? आणि ती वाट आत्ता, भर पावसात, दुरुस्त कशी करून द्यायची?

---

घोडबंदरकर
२७ जुलै, रात्री ११.३५

दादा, परत आलात याचा आनंद झाला. कंबर सांभाळा, बाकी सगळं होतं.

तुमचं एक वाक्य महत्त्वाचं आहे: पाहूनही पाय उचलला नाही. मीही २०१४ ते १७ बंद होतो, दोन्ही गुडघ्यांमुळे. परत बसलो तेव्हा गिअर, क्लच, स्टीअरिंग सगळं पहिल्या तासात आलं. आलं नाही ते थांबणं. रोजच्या सरावात असतो तेव्हा गाडी पुढे सरकायची थांबली की पाय आपोआप वर येतो, विचार करावा लागत नाही. खंड पडला की तो पायातून जातो आणि डोक्यातली उमेद तेवढीच राहते. म्हणून दाबत राहतो. चाक फिरतंय आणि गाडी हलत नाही, म्हणजे चाक पुढे जायचं सोडून खोदायला लागलंय. पहिल्या दोन-तीन सेकंदांत थांबलात तर निम्म्या वेळा रिव्हर्सवर, आलात त्याच चाकोरीतून बाहेर येता, कारण ती तुमच्याच वजनाने दाबली गेलेली असते. अर्ध्या मिनिटानंतर ट्रॅक्टरच लागतो.

सुरुवात मोकळ्या माळावर करा, कुठेही पोचायचं नाही असं ठरवून. मुद्दाम मऊ जागेत हळू जायचं, गाडी थांबली की लगेच पाय वर, क्लच, रिव्हर्स, मागे. हेच वीस वेळा. मी तेव्हा अख्खा एक रविवार एवढंच केलं होतं आणि दुसरं काही शिकलो नसतो तरी चाललं असतं.

हवा किती ठेवली होती?

---

जिप्सीवाला_ऐरोली
२७ जुलै, रात्री ११.४८

२८ पीएसआय. कमी करायची राहूनच गेली. कंप्रेसर डिकीत होता.

---

घोडबंदरकर
२८ जुलै, सकाळी ७.१०

जिप्सीसारख्या टनाच्या आतबाहेरच्या गाडीला चिखलात १८ पुरते. टायर खाली पसरतो, जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, आणि नक्षीतला चिखल फिरताना बाहेर फेकला जातो. १५च्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिमवरून उतरतो. आणि डांबरावर चढायच्या आधी हवा परत भरायचीच. कमी हवेवर साठने पळवलं की टायरची बगल तापते आणि फाटते.

एक सवय मात्र दुसऱ्या कशानेही भरून निघत नाही: उतरून चालायचं. काठी घेऊन. काठी चार बोटं जाऊन टणक लागली तर खाली मुरूम आहे, चला. हातभर गेली आणि ओढताना चोखल्यासारखा आवाज आला तर तिथे गाडी घालायची नाही. तुमच्या त्या साठ फुटांत तुम्हाला उतरून तीन मिनिटं लागली असती.

---

वर्कशॉप_कळवा
२८ जुलै, सकाळी ९.२५

टायरबद्दल बोलतो. नक्षी पूर्ण आहे म्हणजे टायर चांगला, हे खरं नाही. बगलेवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन साल. २३१५ असेल तर २०१५चा तेविसावा आठवडा. इतकी वर्षं उभ्या गाडीचं रबर कडक होतं. नखाने दाबून बघा, नख रुतत नसेल तर ते रबर ओल्या दगडावरही धरणार नाही. बगलेवर केसासारख्या भेगा दिसतील. अशा टायरची हवा १८वर आणून बगल दुमडवणं धोक्याचं आहे, तेव्हा आधी टायर, मग बाकीचं.

दुसरं, काल गाडी पोटापर्यंत पाण्याच्या चिखलात किती वेळ होती? डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ती वाटणारी) तापलेले असतात. थंड पाण्यात अचानक गार झाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची तोटी) तुंबलेला किंवा त्याची नळी तुटलेली असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. या आठवड्यात पुढचं-मागचं डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस, तिन्हीचे प्लग उघडून थोडं तेल काढून बघा. चहाच्या रंगाचं, दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. ते घेऊन महिनाभर फिरलात तर बेअरिंग जातील आणि आवाज येईल तेव्हा उशीर झालेला असेल. ब्रीदरला लांब नळी जोडून इंजिनच्या वरच्या बाजूला नेऊन बांधा, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे.

मागचे ब्रेकचे ड्रम उघडून धुवा. चिखलात बारीक वाळू असते, ती लायनिंग आणि ड्रम दोन्ही खाते. रिमच्या आतल्या बाजूचा चिखलही काढा. तो एका बाजूला वाळून बसला की साठ-सत्तरला स्टीअरिंग थरथरतं आणि लोक अलाइनमेंट करायला धावतात. रेडिएटरच्या जाळीत गाळ गेला असेल तर मागच्या बाजूने हलक्या धारेने धुवा. जोराच्या प्रेशरने जाळी वाकते.

---

नवशिक्या_४बाय४
२८ जुलै, दुपारी १.०५

सर्वांना नमस्कार. मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो, सहा महिन्यांपूर्वी सेकंडहँड थार घेतली. मुरबाड लांब पडतं. सरावाला येऊरच्या आत एखादी वाट चालेल का? किंवा नवी मुंबईत खाडीकडची मोकळी जमीन? तिकडे चिखल भरपूर दिसतो.

---

लाल_माती
२८ जुलै, दुपारी २.२०

नवशिक्या, दोन्ही ठिकाणी नाही. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. ठरलेल्या रस्त्याशिवाय आत गाडी नेणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा गुन्हा आहे. खाडीकडे मोकळी दिसते ती पाणथळ आणि कांदळवनाची जागा आहे. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५मध्ये घोषित झाला आणि २०२२मध्ये ती रामसर स्थळांच्या यादीत आली. तिवरांची मुळं श्वास घ्यायला चिखलाच्या वर आलेली असतात, पेन्सिली रोवल्यासारखी. एक गाडी गेली की ती मोडतात. शिवाय तो चिखल भरतीचा आहे, त्याला तळ नाही. रुतलात तर सहा तासांत पाणी येतं.

खारघरच्या डोंगराकडेही पावसाळ्यात जाऊ नका, पांडवकडा धबधब्याच्या परिसरात बंदी असते आणि ती योग्य कारणासाठी आहे. माणसं वाहून गेलेली आहेत तिथे. ओळखीच्या माणसाची खाजगी, न पेरलेली जमीन, मालकाला विचारून. सरावाला हाच एक मार्ग आहे. लांब पडलं तरी चालेल.

---

शहापूरची_लेक
२८ जुलै, रात्री ९.१५

मी गाडीवाली नाही. नवऱ्याला या विषयाची आवड आहे म्हणून हा धागा वाचला. माझं माहेर शहापूर तालुक्यातलं, आमची भातशेती आहे. जिप्सीवाला दादा, तुम्ही त्या दोन बायांचं लिहिलंत म्हणून मी लिहितेय. नाहीतर लिहिलं नसतं.

आवणीचे ते पंधरा-वीस दिवस कसे असतात ते सांगते. रोप वेळेत लागलं पाहिजे, पाऊस उघडला तर थांबावं लागतं, मजूर मिळत नाहीत. राबातून, म्हणजे रोपं वाढवलेल्या तुकड्यातून, रोप उपटून मुठी बांधायच्या आणि खाचरात पोचवायच्या, त्या सगळ्या डोक्यावरून. ओल्या भाऱ्याचं वजन किती असतं ते उचलल्याशिवाय कळत नाही. वाट मोडली की दर फेरीला दहा मिनिटं वाढतात आणि माणूस पडतो. माझ्या आईचं मनगट असंच मोडलं होतं, वाटेवर ट्रॅक्टरने पाडलेल्या चरात.

आणि बांध. बाहेरून बघणाऱ्याला बांध म्हणजे मातीचा उंचवटा वाटतो. चिखलणी केलेल्या खाचरातलं पाणी त्या बांधाने धरलेलं असतं. वळताना तुमचं एक चाक बांधावर चढलं आणि कडा खचली तर रात्रीतून वरच्या खाचराचं पाणी खालच्यात जातं, वरचं रोप पिवळं पडतं आणि खालचं बुडतं. दुसऱ्या दिवशी दोन भावांत भांडण लागतं, कारण गाडी गेलेली कोणी पाहिलेली नसते.

आमच्याकडे शनिवार-रविवारी पाच-सहा गाड्यांचा ताफा येतो. सगळेच वाईट नसतात. काहीजण थांबून विचारतात, काहीजण हॉर्न वाजवत येतात आणि गुरं बिथरतात. माझं म्हणणं एवढंच आहे की जुलैमध्ये भाताच्या वाटेवर येऊ नका. परवानगी जमीनमालकाची असते, पण वाट अख्ख्या पाड्याची असते. जावयाने हो म्हटलं म्हणजे पाड्याने हो म्हटलं असं होत नाही. गुरांच्या माळावर चालवा, तिथे मुरूम असतो. नाहीतर डिसेंबरात या, भात झोडून झालेलं असतं, लोक निवांत असतात, चहाही मिळेल.

वाटेचं विचारलंत ना. आत्ता त्यात माती टाकू नका, माती विरघळून जाईल. आधी चरातलं पाणी बाजूला काढून द्यायचं, मग खाली डबर (दगड), त्यावर मुरूम आणि धुमसाने ठोकायचं. कुठे काढून द्यायचं ते त्या काकांना विचारा, पाणी चुकीच्या बाजूला सोडलंत तर आणखी नुकसान होईल.

---

जिप्सीवाला_ऐरोली
२८ जुलै, रात्री ११.००

ताई, जे लिहिलंत ते दोनदा वाचलं. परवानगी आणि वाट यातला फरक मला कळायला हवा होता, इतकी वर्षं या छंदात आहे. उद्याच मित्राच्या सासऱ्यांना फोन करतो आणि काकांशी बोलतो.

---

जिम्नी_नेरूळ
२९ जुलै, सकाळी ८.४०

एक तांत्रिक प्रश्न इथे नेहमी येतो म्हणून आधीच मांडतो. चिखलाला अरुंद टायर चांगला की रुंद? माझ्या जिम्नीला १९५ रुंदीचा आहे, थारला २४५ किंवा २५५. आपल्याकडच्या मुरमाड वाटांवर वरचा चिखल वीतभर आणि खाली टणक, तिथे अरुंद टायर कापत खाली जातो आणि पकडतो. जिप्सी याच कारणाने अशा वाटांवर चालते. पण तळ नसलेल्या चिकण मातीत हेच उलटं होतं. तिथे अरुंद टायर सुरीसारखा खाली जातो आणि रुंद, हवा कमी केलेला टायर थोडा तरी तरंगतो. म्हणजे दादांची जिप्सी त्या मुरमावर राणी होती आणि साठ फुटांत तीच सगळ्यांत आधी बसणार होती. टायरचं उत्तर काठी देते.

नव्या गाड्यावाल्यांसाठी: चिखलात इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा इंजिनची ताकद कापते आणि नेमकी हवी तेव्हा गाडी मरते. जिम्नीत फोर लो टाकलं की ती आपोआप बंद होते, फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणं तेवढं चालू राहतं. जिप्सीत तसलं काहीच नाही, दोन्ही डिफरन्शियल उघडे, म्हणजे लॉक न होणारे. पुढचं एक आणि मागचं तिरपं एक चाक अधांतरी झालं की उरलेल्या दोघांना ताकद मिळत नाही.

---

लाल_माती
२९ जुलै, दुपारी १२.१५

दोराबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मी बारा वर्षं चालवतेय आणि मला भीती वाटते ती रुतण्याची नाही, काढण्याची.

चार वर्षांपूर्वी आमच्यातली एक गाडी कर्जतकडे रुतली. घाईत कोणीतरी नायलॉनचा दोर बंपरच्या खालच्या हुकाला बांधला. तो हुक गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी असतो, झटका सोसायला नाही. दुसऱ्या झटक्याला हुक तुटला आणि दोरासकट उडून पुढच्या गाडीची मागची काच फोडून आत गेला. मागच्या सीटवर कोणी नव्हतं. पाच मिनिटांपूर्वी चालकाचा मुलगा तिथे बसला होता, पाऊस थांबला म्हणून उतरला होता. ती फुटलेली काच मला अजून दिसते.

त्यानंतर माझ्यासोबत येणाऱ्यांना मी आधीच सांगते. दोर फक्त चासीला बोल्टने बसवलेल्या रिकव्हरी पॉइंटला. टो बॉलला कधीच नाही. ताणणारा कायनेटिक दोर आणि साधा टो दोर वेगळे असतात. कायनेटिक दोर गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा हवा, आणि साध्या दोराने झटका मारायचाच नाही, सावकाश ओढायचं. दोरावर मध्ये ओलं गोणपाट किंवा जड जॅकेट टाकायचं, तुटला तर ते त्याला खाली पाडतं. बघणारे सगळे दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर. दोर ताणलेला असताना त्याच्यावरून पाय टाकायचा नाही. आणि सूचना एकानेच द्यायच्या. गावात रुतलो की वीस माणसं जमतात, सगळे मदतीच्या भावनेनेच ओरडतात आणि चालक गोंधळतो. मी एकाला पुढे उभं करते आणि बाकीच्यांना हात जोडून मागे जायला सांगते. लोक ऐकतात.

आणि ओढायच्या आधी फावडं. चारही चाकांपुढचा आणि डिफरन्शियलखालचा चिखल काढला तर निम्म्या ताकदीत गाडी निघते. लोक फावडं आणत नाहीत, दोर मात्र पाच आणतात.

---

डॉक्टर_वाशी
२९ जुलै, रात्री १०.३०

गाडीचं कळत नाही, माणसांचं सांगतो. गुरांची ये-जा असलेल्या चिखलात तुम्ही उभे होतात. पायाला जखम, खरचटलेलं, चिखल्या झालेल्या बोटांमधल्या भेगा, काहीही असलं तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. गुरं आणि उंदीर यांच्या मूत्रातून जंतू पाण्यात येतात आणि कातडीतल्या भेगांतून आत शिरतात. पावसाळ्यात ठाणे जिल्ह्यात आणि कोकणात दरवर्षी रुग्ण येतात. जखम असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतील, स्वतःहून घेऊ नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं तर चिखलात गेलो होतो हे डॉक्टरांना न विसरता सांगा. लोक हेच सांगत नाहीत आणि निदान लांबतं.

कमरेचं: धक्क्यापेक्षा रुतलेली गाडी ढकलणं आणि वाकून फावडं मारणं तुम्हाला जास्त बाधेल. ते दुसऱ्या कोणाला करू द्या. गमबूट घाला, साप पावसात बांधाच्या कडेलाच असतात.

---

नवशिक्या_४बाय४
३० जुलै, सकाळी ९.००

वाचनखूण साठवली. येऊर आणि खाडी डोक्यातून काढून टाकलं आहे. लाल_माती ताई, एकदा तुमच्यासोबत नुसतं बघायला आलो तर चालेल का? गाडी घरी ठेवून येईन.

---

लाल_माती
३० जुलै, सकाळी ९.४५

या की. निरोप टाका. फावडं तुमच्या हातात देईन.

---

जिप्सीवाला_ऐरोली
२ ऑगस्ट, शनिवार, रात्री ८.२०

वर्कशॉप_कळवा, तुमचं खरं ठरलं. मागच्या डिफरन्शियलचं तेल दुधाळ निघालं. ब्रीदरची टोपी गंजून घट्ट बसली होती. पुढचं आणि ट्रान्सफर केसचं ठीक आहे. तिन्ही बदलली, नळी वर नेऊन बांधली. क्लच प्लेट अजून धरते, पण चढावर घसरते का ते बघतोय. टायरचा कोड ३११४ निघाला. अकरा वर्षांचे झाले. चारही काढले. डाव्या पोटरीला खरचटलं होतं, डॉक्टरांना सोमवारीच दाखवलं.

काकांशी बोललो. म्हणाले आवणी उरकू द्या, मग या, आत्ता येऊन वाटेत उभे राहाल. तोवर त्यांनी चरांवर दोन फळ्या टाकल्या आहेत.

---

जिप्सीवाला_ऐरोली
१७ ऑगस्ट, रविवार, रात्री १०.१०

काल जाऊन आलो. जिप्सी मुरूम संपतो तिथेच उभी केली, पुढे पायी.

अर्धा ब्रास (पन्नास घनफूट) मुरूम आणि तेवढंच डबर मुरबाडवरून मागवलं होतं. ट्रॅक्टर काकांचाच, या वेळी भाडं घ्यायला लावलं. पाणी कुठून काढून द्यायचं ते त्यांनी पायाने रेघ मारून दाखवलं, मी मनात धरली होती त्याच्या बरोबर उलट दिशेला. माझ्या कल्पनेने केलं असतं तर खालच्या शेजाऱ्याच्या खाचरात सगळा गाळ गेला असता. मित्र, त्याचा मेहुणा आणि पाड्यातले तिघेजण होते. डॉक्टरांचं ऐकून मी फावडं धरलं नाही, डबराचे लहान दगड बसवत राहिलो. मोठा दगड खाली, सांधीत बारीक, मग मुरूम, मग धुमस. दुपारी तीनपर्यंत साठातले चाळीस फूट झाले. तेवढ्यात एक म्हातारी शेळ्या घेऊन त्यावरून गेली, टाचेने दोनदा दाबून बघितलं आणि म्हणाली, "हितं अजून पायजे." तिथे आणखी दोन घमेली टाकली.

उरलेले वीस फूट पुढच्या शनिवारी. सामान आणून ठेवलं आहे.

मग तासभर गुरांच्या माळावर घोडबंदरकरांनी सांगितलं तसं केलं. हवा १८, फोर लो, दुसरा गिअर. गाडी मऊ जागेत घालायची आणि थांबली की पाय वर. पहिल्या पाच-सहा वेळा पाय उशिराच आला, मागे गेल्यावर चाकाखाली खड्डा दिसायचा. दहाव्या-बाराव्या वेळेनंतर खड्डा दिसेना, नुसता नक्षीचा ठसा दिसायला लागला. शेवटच्या काही वेळा मला सुईकडे बघावं लागलं नाही, चाक सुटतं त्या क्षणी सीटखालून येणारा कंप बदलतो तो परत कळू लागला. हा कंप मी विसरलो होतो हेही मला आठवत नव्हतं.

डांबराला लागायच्या आधी थांबून चारही टायर भरले, चाकांचा चिखल काठीने काढला. मागच्या वेळी आमच्या चिखलाचे गोळे घाटाच्या रस्त्यावर पडले होते आणि मागून बाइकवाले येत होते, ते नंतर लक्षात आलं.

---

शहापूरची_लेक
१८ ऑगस्ट, सकाळी ७.३०

दादा, त्या वीस फुटांत पाणी साचत असेल तर मुरमाच्या आधी मधोमध सिमेंटचा अर्धा पाइप आडवा टाकून बघा, पाणी खालून जाईल. आमच्याकडे तसा टाकलाय, सहा पावसाळे झाले. मापाचा फोटो हवा असेल तर भावाला सांगून मागवते.

---

जिप्सीवाला_ऐरोली
१८ ऑगस्ट, सकाळी ७.५५

हो ताई, नक्की पाठवा. शनिवारच्या आधी पाइप बघून ठेवतो.